येसूबाई सिस्टरची तीन दुखणी

शिळफाट्याला घाटाकडं तोंड करून धाकलूचं चहाचं हॉटेल होतं, आणि हॉटेलाच्या माळ्यावर येसूबाई सिस्टरची खोली. खाली कपबशा वाजायच्या, रस्त्यावर ट्रक घाट चढायच्या आधी दम घ्यायचे, आणि वर येसूबाई बिलं लिहायच्या.

सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी हे काम धरलं होतं. कारखान्यातल्या कामगाराला डॉक्टरकडं औषध फुकट मिळायचं. डॉक्टरनं मग कोणाला काय झालं, काय दिलं, याचं बिल महिन्याअखेरी कारखान्याकडं पाठवायचं. डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांनाच लागायचं नाही. येसूबाईंनी जन्मभर तसलीच अक्षरं वाचली होती. खोपोलीतल्या तिघा डॉक्टरांच्या चिठ्ठ्या त्यांच्याकडं यायच्या, आणि त्यांच्या हातून सुरेख बिलं होऊन निघायची. कोणाच्या घरात कसलं दुखणं आहे, ते त्यांना त्या घराच्या आधी ठाऊक असायचं. पण त्यांच्या तोंडून कधी शब्द फुटला नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, मिटल्या डोळ्यांची. येसूबाई म्हणायच्या, सगळं जाणून गप्प बसणारा मी एवढा एकच बघितला.

आणि आता त्यांचेच डोळे मिटत चालले होते. मोतीबिंदू. आधी दिव्याभोवती कडं आलं, मग अक्षरांना पिसं फुटली. ऑपरेशन करायचं तर महिना जाणार, आणि महिनाभर बिलं थांबली की डॉक्टर दुसरीकडं बघणार. म्हणून त्यांनी कोणाला सांगितलं नाही. चष्म्याची काच पुसत, कागद खिडकीशी धरत दिवस ढकलले.

एके महिन्यात दोन चिठ्ठ्या एकमेकींना चिकटल्या. भट्टी खात्यातल्या विठूच्या नावावर बाळंतपणाचं बिल गेलं. कारखान्यातून ते लाल पेन्सिलीनं परत आलं : ‘सदर कामगाराचे बाळंतपण मंजूर करता येत नाही.’ विठूला मात्र खात्यातल्या लोकांनी डिंकाचे लाडू आणून दिले. पाळण्याची दोरी कोण ओढणार यावर आठवडाभर पैजा लागल्या.

डॉक्टर हसले. थोरले डॉक्टर ते, बाकीचे दोघे त्यांच्या शब्दावर चालायचे. पण जाता जाता जिन्यात थांबून म्हणाले, “सिस्टर, पुन्हा असं झालं तर अवघड होईल. पनवेलचा एक माणूस ही कामं मागतोय.”

त्या दिवशी येसूबाईंनी ठरवलं, हाताखाली कोणीतरी पाहिजे. डोळे असलेलं. आणि माझे डोळे गेलेत हे दिसलं, तरी कोणाला न सांगणारं. डोळस माणूस मिळणं सोपं होतं. दुसरी गोष्ट अवघड होती.

त्यांच्या आईची एक ओवी होती, पहाटे जात्यावर म्हणायची :

गूज सांगितलं जात्याला, जात्यानं सांगितलं पिठाला
पीठ बोललं चाळणीशी, ठावं झालं साऱ्या पेठेला

येसूबाईंनी धाकलूच्या हॉटेलात कागद लावला : ‘बिलं लिहायला माणूस पाहिजे. अक्षर बरं, तोंड बंद.’

पहिल्याच दिवशी चौकाकडची एक बाई आपला अबोल भाचा घेऊन आली. तो बोलत नव्हता हे खरं, पण लिहीतही नव्हता. एक रिटायर मास्तर आले, त्यांनी कागदातल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या आणि चहा पिऊन गेले. गाळत गाळत तिघं उरली.

लोधिवलीचा चंदर. मॅट्रिक पास, केसांना पाणी लावून भांग, खिशाला दोन पेनं. धाकलूचा भाचा, त्यामुळं शिफारस जिन्याखालूनच आली, “पोरगं गुणाचं हाय, बाई. निसतं चहात बुडवून खाण्याजोगं.”

फाट्यावरचीच आवडी. नवं लग्न झालेली, सातवी पास, अक्षर मोत्यासारखं. जिना चढून येईपर्यंत तिनं येसूबाईंना आपलं माहेर, सासर, आणि शेजारणीची म्हैस कधी विणार ते सगळं सांगून टाकलं होतं.

आणि तिसरी जना. वरच्या ठाकूरवाडीतली, आश्रमशाळेत शिकलेली. दाराशी चपला काढल्या, आणि विचारल्याशिवाय बोलली नाही.

“लिहायला येतं का गं?”

“येतं.”

“आणि बोलायला?”

“तेबी येतं. पण तुमी कागदात बंद लिवलंय.”

येसूबाईंना हसू आलं. ते त्यांनी पदरात लपवलं.

त्यांनी एकेकाला एकेक दिवस कामाला बसवलं. बिलं तिघांनीही बरी लिहिली. खरी परीक्षा पुढं होती. दिवस संपता संपता येसूबाई चहा मागवायच्या, दार लोटून घ्यायच्या, आणि हलक्या आवाजात आपलं एक दुखणं सांगायच्या. तिघांना तीन दुखणी. तिन्ही खोटी.

चंदरला म्हणाल्या, “मला साखरेचा आजार लागलाय बाबा. कोणाला बोलू नको.”

आवडीला म्हणाल्या, “डाव्या कानानं ऐकू येईनासं झालंय गं. तुझ्या-माझ्यात ठेव.”

जनाला म्हणाल्या, “काळीज अधू झालंय. ओझं उचलू नका म्हणालेत. वाडीत कोणाला सांगू नको हो.”

चंदर हळहळला. आवडीनं दोन्ही हात गालाला लावले. जनानं त्यांच्याकडं नीट बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं, आणि म्हणाली, “बरं.”

मग येसूबाई बाजाराच्या दिवसाची वाट बघत बसल्या. कोणतं दुखणं परत फिरून घरी येतं ते त्यांना बघायचं होतं.

बाजाराला जायच्या आधी त्या खाली चहाला उतरल्या. धाकलूनं कप पुढं केला. एक घोट घेतला आणि त्यांचं तोंड कडू झालं.

“धाकलू, साखर विसरलास रं?”

“नाय,” धाकलू फडकं पिळत म्हणाला. “आजपास्नं तुमाला असाच. मला काय इचारू नका. मला काय ठावं नाय.”

एक दुखणं घरी आलं.

बाजारात पाय टाकला तर भाजीवाली डाव्या बाजूनं येऊन त्यांच्या कानाशी ओरडली, “वांगी घेता का वांगी?” येसूबाई दचकून उजवीकडं सरकल्या. सुकटवाल्यानं हातवारे करून बोंबलाचा भाव सांगितला. बांगड्यांची कासारीण काहीच बोलली नाही, नुसती मोठमोठ्यानं ओठ हलवत राहिली. पलीकडून आवडीची सासू बाटली घेऊन धावत आली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “लसणीचं तेल हाय. दोन थेंब टाका. कुनाला कळायचं नाय.”

येसूबाईंनी बाटली घेतली. घेतली नसती तर ती अजून मोठ्यानं बोलली असती.

संध्याकाळी त्यांनी दोघांनाही बोलावलं. रागावायचं ठरवलं होतं.

“कोणाला नाय सांगितलं, बाई,” चंदर म्हणाला. “फक्त मामाला. तुमी दोन-दोन चमचे साखर ढवळता, आनि मी जानून बघत बसू? पाप नाय का?”

“मी बी फक्त सासूला,” आवडी म्हणाली. “तेल तिच्याकडं असतं. औषद मागायचं तर दुखनं सांगावं लागतं ना? तुमीच सांगा.”

येसूबाईंना राग आणता येईना. या मुलखात दुखणं ऐकून रिकाम्या हातानं बसणारा माणूस माणसात धरत नाहीत. कोणाला ताप आला कळलं की एक वाटी पेज, एक मुळी, एक अंगारा, काहीतरी घेऊन उंबरा चढायचाच. दुखणं लपवणारा तो पाहुण्याला दार न उघडणारा. जन्मभर दवाखान्यात राहून त्या हेच विसरल्या होत्या.

“माया आहे रे पोरांनो,” त्या म्हणाल्या. “पण मायेला झाकण नाही. कारखान्यातल्या कोणाला नको ते दुखणं झालं, तर तुम्ही त्याचं बिल लिहाल आणि त्याच्या सासरी औषध पोचवाल.”

“पोचवू की,” आवडी म्हणाली. “चालत जाऊन पोचवू.”

तिसऱ्या दुखण्याचा मात्र बाजारात कोठं वास नव्हता. काळजाचं नाव कोणी काढलं नाही. येसूबाईंचा जीव थंडावला, आणि लगेच शंकेनं चुटपुटला. जनाला फाट्यावर ओळखतं कोण? तिचं बोलणं गेलं तर वाडीत जाणार, आणि वाडी तर डोंगराच्या काखेत.

म्हणून पुढच्या बाजारी त्या जनाच्या आईला शोधत गेल्या. कोंडी करवंदांची पाटी घेऊन वडाखाली बसायची. येसूबाईंना लांबून एक हिरवं लुगडं बसलेलं दिसलं. त्या जाऊन मायेनं म्हणाल्या, “कोंडी, जना घरी काय बोलते गं माझ्याबद्दल?”

लुगडं काही बोललं नाही. ते कोणीतरी धुऊन दगडावर वाळत घातलं होतं.

“बाई, मी हिकडं,” शेजारून आवाज आला. कोंडी पाटीमागं बसली होती, आणि तिच्यामागं उभी राहून जना द्रोण लावत होती. आजूबाजूच्या दोघी-तिघी बायका माना वर करून बघायला लागल्या होत्या.

“लुगडं बघत होत्या बाई, आई,” जना द्रोणावरून नजर न काढता म्हणाली. “मीच सांगितलेलं, असला हिरवा रंग फाट्यावर मिळत नाय म्हनून.”

बायकांच्या माना खाली गेल्या. हिरव्या रंगाच्या गोष्टी निघाल्या.

“जना काय बोलते इचारलंत?” कोंडी म्हणाली. “बाई चहा चांगला देतात म्हनली. तेवढंच. ही अशीच हाय. लहानपनी रानात बिबट्या बघून आली. घरी येऊन पानी प्याली, भाकर खाल्ली, हात धुतले, मग म्हनली, आई, बकरी आत घे.”

येसूबाईंनी करवंदं घेतली आणि गर्दी टाळत घर गाठलं. लुगडं बघत होत्या म्हणे. पोरीनं सावरून घेतलं की तिला खरंच तसं वाटलं? त्यांना उमगेना.

महिनाअखेर आली. जनाला अजून शब्द दिला नव्हता, पण कामाला ती रोज येत होती. तिच्या अक्षरात एकच खोड होती. ते पहिल्या दिवसापासून वालाच्या दाण्याएवढं टपोरं होतं.

“कागद काय झाडाला लागतो का गं?” येसूबाई म्हणायच्या.

“लागतोच की, बाई. खाली कागदाच्या मिलमधी बांबूचे ट्रक कशाला येतात मग?”

असं चाललेलं असताना जिना वाजला आणि थोरले डॉक्टर वर आले. बिलं न्यायला माणूस पाठवायचे, आज स्वतः आले. येसूबाईंना जिन्यातलं ते बोलणं आठवलं, पनवेलचा माणूस आठवला. डॉक्टर खुर्चीवर बसले, खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“कारखान्यातून आलाय. वाचा बरं, सिस्टर. आपल्याला जमेल का, तुम्हीच सांगा.”

येसूबाईंनी कागद हातात घेतला. टाइप केलेली बारीक अक्षरं. सांडलेल्या गुळाला मुंग्या लागाव्यात तशी वळवळणारी. त्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला. खिडकी पाठीमागं होती. उठून तिकडं जावं तर डॉक्टरांच्या ध्यानात येईल. खाली कपबशा वाजत होत्या. चष्मा काढून पुसण्यात जेवढा वेळ घालवता येतो तेवढा त्यांनी घातला.

“बाई, हे बरं नाय,” जना एकाएकी म्हणाली. “आज येईल तो कागद मी वाचायचा, असं ठरलेलं. परीक्षा माझी, आनि तुमीच वाचायला घेतला.”

तिनं उठून त्यांच्या हातातला कागद काढून घेतला आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवला. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक बिलावर कामगाराचा बिल्ला नंबर घालावा, म्हणजे एकाचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर जाणार नाही, एवढंच होतं त्यात.

“विठूची कृपा,” डॉक्टर म्हणाले. “जमेल ना?”

“जमेल,” येसूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी या महिन्याची बिलं चाळली. एक चाळलं, दुसरं चाळलं, मग आरामात टेकून वाचायलाच लागले. “अक्षर चांगलं मोठं ठेवलंय.”

“बाईंनी सांगितलं तसं,” जना म्हणाली. “तुमाला वाचाय बरं पडावं म्हनून. तुमी चिठ्ठ्या हात लांब करून वाचता ना.”

डॉक्टरांचा हात बिलासकट लांबच होता. त्यांनी तो हळूच जवळ घेतला. चाळिशी लागली होती, चष्मा करून आणला होता आणि दवाखान्याच्या खणात दडवून ठेवला होता. पेशंटसमोर लावायची लाज.

“कोणाला बोलू नकोस हं,” ते जनाला म्हणाले.

“काय बोलू नको?” जनानं विचारलं.

डॉक्टर हसत जिना उतरले. पनवेलच्या माणसाचं नाव निघालं नाही.

खोलीत मग दोघीच राहिल्या. येसूबाई बराच वेळ बोटांनी टेबलाची कड चाचपत होत्या.

“कधीपासून ठाऊक आहे गं तुला?”

“पहिल्या दिसापास्नं. गोळ्यांची बाटली तुमी वाचली नाय, हुंगली.”

“आणि माझ्या काळजाचं?”

“ते खोटं हाय. अधू काळजाची बाई पान्याचा हंडा घेऊन दोनदा जिना चढत नाय. आनि वर आल्यावर ओवी म्हनत नाय.”

येसूबाईंचा चेहरा पडला. एवढी हुशारीनं मांडलेली परीक्षा, आणि पोरीनं ती आल्याच दिवशी उलटी करून बघितली होती. “म्हणजे खोटं वाटलं, म्हणून नाही सांगितलंस कोणाला.”

“खोटं कशाला सांगू?”

“मग खरं तरी का नाही सांगितलंस? डोळ्यांचं? ते तर मी लपव म्हणाले नव्हते.”

जनानं बिलांचा गठ्ठा सुतळीनं बांधला. गाठ मारून झाल्यावर म्हणाली, “तुमी सांगितलंच नव्हतं ना, बाई. मला दिलंच नाय, ते मी वाटू कसं?”

खाली एक ट्रक गियर बदलत घाटाला लागला. त्याचा आवाज डोंगरात विरत गेला. आईची ओवी त्यांच्या मनात आली होती, पण ती आता पुरी पडत नव्हती. दुसरीच ओळ जुळून आली, आपसूक, जात्याशिवाय :

गूज ठेवावं डोंगरी, खडकाच्या गं पोटात
पाझरे थेंब पान्याचा, बोल येईना ओठात

“उद्यापासून कायमची ये,” त्या म्हणाल्या.

“येते. पन माझीबी एक अट हाय.”

“तू पण मला पारखायला बसलीस का गं?”

“तुमी डोळ्याचं आप्रेशन करून घ्या. मी हाय तवर बिलं थांबायची नायत. आंधळ्या बाईकडं नोकरी केली, तर लोक म्हनतील ठाकराची पोरगी चोऱ्या करती. मला बघनारी बाई पायजे.”

येसूबाई जोरात हसल्या. मग एकदम थांबल्या. “पण महिनाभर कुठं गेले म्हणून सांगायचं? फाट्यावर सगळे विचारतील.”

“तुमचा कान हाय की,” जना म्हणाली.

येसूबाईंनी तिच्याकडं बघितलं. डोळ्यांसमोर धुकं होतं, तरी ती पोर हसते आहे हे त्यांना स्वच्छ दिसलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आवडीला बोलावलं, दार लोटून घेतलं, चहा मागवला. “आवडे, तुला म्हणून सांगते. कानाचं ऑपरेशन करायला मुंबईला चाललेय. कोणाकडं बोलू नको.”

आवडीनं दोन्ही हात गालाला लावले. येसूबाई गाडीत बसायच्या आधी स्टेशनवर अर्धा बाजार जमला होता. कोणी लसणीचं तेल आणलं, कोणी मऊ फडकं, आवडीच्या सासूनं काळा दोरा बांधला, डाव्या कानामागून.

महिन्याभरानं त्या परत आल्या. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यावर काळी काच. फाट्यावरचे लोक गोळा झाले आणि बुचकळ्यात पडले. दुखणं कानाचं, आणि पट्टी डोळ्याला?

येसूबाईंनी जनाकडं बघितलं. जनानं घाटाकडं.

आवडी पुढं सरली. “असतंच तसं. कानाची नि डोळ्याची शीर आतून येकच असती. कान वढला की डोळा सुटतो. मोठ्या डॉक्टरला इचारा, नाय तर.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी म्हणालं, खरं आहे, माझ्या आज्याचा दात काढला तेव्हा गुडघा दुखायचा राहिला होता.

पुढं पट्टी निघाली, जाड भिंगांचा चष्मा आला. येसूबाईंनी सगळ्यात आधी माळ्यावर बसून महिन्याची बिलं बघितली. एकही परत आलं नव्हतं. प्रत्येकावर बिल्ला नंबर, आणि अक्षर तसंच, वालाच्या दाण्याएवढं.

“आता बारीक लिहिलंस तरी चालेल गं.”

“डॉक्टरांचं काय मग?” जना म्हणाली.

आवडीला येसूबाईंनी दवाखान्यात लावून दिलं, पेशंटांना हाका मारायला. तिथं आवाज लागतो, आणि माया चालते. चंदर कारखान्याच्या गेटवर हजेरी घ्यायला लागला. विठूला बायकोनं खरंच मुलगी दिली, आणि ते बिल जनानं बायकोच्या नावावर लिहिलं.

सगळं नीट झालं, एक गोष्ट सोडून. त्या दिवशी येसूबाई नव्या डोळ्यांनी जग बघत खाली उतरल्या. घाट दिसला, घाटावरची पायवाट दिसली, कपाच्या कानाला गेलेला तडा दिसला. त्यांनी धाकलूला चहा सांगितला. धाकलूनं कप आणला, त्यांच्या डाव्या बाजूला वाकला, आणि साऱ्या हॉटेलाला ऐकू जाईल असा ओरडला, “बाई, बिनसाखरेचा.”

येसूबाईंनी तोंड उघडलं. मग चाळणीतून खाली गेलेलं पीठ परत वर येत नाही हे आठवून मिटलं, आणि तो कडू चहा निमूट पिऊन टाकला.